बाबांनी दाढी काढली तेव्हा

त्या वर्षी समुद्रात कोणी उतरलं नाही. एरवी सुट्ट्यांच्या दिवसांत मालवणच्या किनाऱ्यावर सकाळपासून पर्यटक असायचे आणि मी त्यांना होडीतून किल्ल्यामागच्या उथळ पाण्यात नेऊन तळाचे मासे दाखवायचो. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाच्या तोंडाला काचेचा मास्क बसवणं हे माझं काम. केस बाजूला करायचे, पट्टा मागे ओढायचा, नाकाने श्वास आत घ्यायला सांगायचं आणि आपला हात काढून घ्यायचा. मास्क तोंडाला धरून राहिला तर ठीक, नाहीतर पेटीतून दुसरा काढायचा. माणसांची नावं मी विसरायचो, पण रुंद गाल, बसकी नाकं, आत गेलेल्या हनुवट्या लक्षात राहायच्या.

मग टाळेबंदी आली. होड्या वर ओढून माडांखाली झापांनी झाकल्या, मास्कची पेटी आमच्या पडवीत आली, आणि किनाऱ्यावर कुत्री तेवढी उरली. पाणी इतकं निवळलं की जेटीवर उभं राहिलं तरी तळाची वाळू दिसायची, वाळूवरच्या लाटांच्या रेघाही दिसायच्या. मी रोज संध्याकाळी जाऊन बघून यायचो. तिथे उभं राहिलं की आपण जागे आहोत की दुसऱ्याच कुणाच्या झोपेत येऊन उभे राहिलोय, ते मला कळायचं नाही.

घरात आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि आते. आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा पाळण्यात असतानाच आजोबा कौलं भरलेल्या मचव्यावर गेले आणि परत आले नाहीत. आजी दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात असायची, त्यामुळे बाबांना कडेवर घेऊन वाढवलं ते आतेने. तिने लग्न केलं नाही. त्याचं कारण कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. बाबा तिला ‘बाय’ म्हणायचे. ती त्यांना ‘बाळा’ म्हणायची, आणि अंगणातून अशी हाक आली की पांढरी दाढी सावरत बाबा उठून जायचे.

बाबांची दाढी गावात प्रसिद्ध होती. तरुणपणी ते परदेशी बोटीवर नोकरीला गेले, पहिल्याच फेरीत कुठल्याशा थंड मुलखात दाढी वाढली, आणि मग ती राहिलीच. लग्नाला उभे राहिले तेही दाढीसकट. आंघोळीनंतर तळहातावर खोबरेल घेऊन ते ती चोळायचे आणि छोट्या फणीने विंचरायचे. ते चाललेलं असताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मी माझ्या बापाची हनुवटी कधी पाहिली नव्हती. आईनेही नाही.

टाळेबंदीच्या आदल्या वर्षी आतेच्या किडन्या थकल्या. आठवड्यातून दोनदा तिला कुडाळला डायलिसिसला न्यावं लागायचं. सगळं जग घरात बसलं तेव्हाही आम्हाला जावंच लागत होतं. माझी जुनी व्हॅन होती, एरवी होडीचं सामान वाहायची. मागच्या बाकावर आते आणि बाबा बसायचे, पुढे मी. चौके, धामापूर, मग नेरूरपारचा पूल. वाटेत समोरून गाडी यायची नाही. पुलावर आलो की नदीवरचं धुकं रस्त्यावर चढलेलं असायचं आणि मी व्हॅन इतकी हळू चालवायचो की चाकांचा आवाजही व्हायचा नाही. आते काचेला कपाळ टेकून बाहेर बघायची. एकदा म्हणाली, “सगळी खंय गेली रे? आमीच तेवढी मागे रवलों की काय?” बाबांनी तिचा हात तेवढा हातात घेतला.

आतेला सुईची फार भीती. आयुष्यभर विंचू, साप, वादळ, कशाला न भ्यायलेली बाई, पण डायलिसिसची जाड सुई दिसली की थरथरायची. म्हणून सुई टोचताना बाबा तिच्या उशाशी उभे राहायचे. ती त्यांचा हात दाबून धरायची, दुसरीकडे तोंड करायची, आणि मग जमायचं. तिथल्या सिस्टरनाही ते माहीत होतं. सोबतच्या एका माणसाने आत यायला हरकत नव्हती.

पहिले काही महिने आईने शिवलेल्या कापडी मास्कवर भागलं. तिच्या एका जुन्या लुगड्याचे दोन पदर एकावर एक घालून, मागे बांधायला नाड्या लावून तिने ते मशीनवर शिवले होते. कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं होतं, आणि त्याला अजून ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास यायचा. आतेला ते आवडायचे. बाबांच्या मास्कखालून मात्र दाढी दोन्ही बाजूंनी आणि खालून बाहेर यायची, आणि आई प्रत्येक वेळी तोंडावर पदर घेऊन हसायची.

गणपतीनंतर आजार आमच्या बाजूला वाढला. रोज कुणाच्या तरी घरापुढे वाट बंद करायला बांबू बांधल्याचं कानावर यायचं. आणि एका सकाळी कुडाळला पोचलो तर आतेच्या शेजारच्या खाटेवर नेहमी असणारे, तिला दर वेळी “काय म्हणता?” विचारणारे गृहस्थ नव्हते. खाटेवर घडी न मोडलेली चादर होती. सिस्टरने बाबांना दाराशीच थांबवलं.

“काका, आजपासून सोबत येणाऱ्याला एन-नाइन्टीफाइव्ह लागेल. आणि नुसता घातलेला चालणार नाही, नीट बसलेला हवा. आतली सगळी नाजूक तब्येतीची माणसं आहेत.”

मी धावत समोरच्या मेडिकलमधून एक घेऊन आलो. त्याला पुढे प्लास्टिकची गोल झडप होती. मला तो भारीतला वाटला. सिस्टरने मान हलवली.

“हा नको. झडपेतून तुमचा श्वास जसाच्या तसा बाहेर येतो. घालणाऱ्याला ठीक आहे, पण समोरच्याला काय उपयोग?”

पुन्हा गेलो, बिनझडपेचा आणला. बाबांनी तो घातला, दोन्ही पट्टे डोक्यामागे घेतले. सिस्टरने लांबूनच दाखवलं: नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून घ्या, मग दोन्ही तळवे मास्कभोवती धरा, आणि जोरात श्वास सोडा. बाबांनी श्वास सोडला. त्यांचा चष्मा धुरकट झाला आणि गालावरचे दाढीचे केस गवतासारखे हलले.

“बघा,” सिस्टर हळू आवाजात म्हणाली. “दाढीमुळे कडा टेकतच नाही. सगळी हवा बाजूनेच जाते-येते. मला तुम्हाला आत सोडता येणार नाही, काका.”

मी म्हटलं, मी जातो. आते मागे वळली. “तू नको रे. तुका रगत बघूक जमाचा नाय.” ते खरं होतं. ती एकटीच आत गेली. त्या दिवशी सुई लागताना तिने हात ओढला, आणि परत आली तेव्हा कोपरावर जांभळा, सुजलेला वळ होता. वाटभर बाबा त्या वळाकडे बघत होते. नेरूरपारच्या पुलावर आते म्हणाली, “बघू नको तसो. मरूक नाय मी,” आणि डोळे मिटून घेतले.

मला वाटलं, यावर उपाय माझ्याकडेच आहे. मिशीवाल्या पर्यटकांच्या मास्कमध्ये पाणी शिरतं, तेव्हा आम्ही मिशीला व्हॅसलीन फासतो आणि रबराची कड घट्ट बसते. पुढच्या वेळी निघण्याआधी मी बाबांच्या दाढीला डबीभर व्हॅसलीन चोपडलं आणि ती गालाशी चापून बसवली. एवढी शिस्तीत बसलेली ती दाढी मी कधी पाहिली नव्हती. आते व्हॅनमध्ये बसली होती. तिचं तोंड लुगड्याच्या कापडाखाली होतं, पण खांदे हलत होते. “दर्यातल्या कोळंबीसारखो दिसतंस,” ती म्हणाली. बाबाही हसले. गेल्या कित्येक दिवसांत व्हॅनमध्ये पहिल्यांदाच कुणी हसलं होतं.

सिस्टरला मात्र हसू आलं नाही. तिने विचारलं, “हे काय लावलंय?” मी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, “तुमच्या पाण्यातल्या मास्कला रबर असतं. याला तसं काही नाही, हा सगळा गाळणीचा थर आहे. तेलकट लागलं की तो वाया जातो. आणि फट आहे ती आहेच.” मग ती आतेकडे वळली. “आजी, तुमचाही बदलायला हवा. कापडाचा आता पुरे. पण तुमचा चेहरा लहान आहे, आमच्याकडचे तुम्हाला मोठे होतात. सावंतवाडीला विचारून बघा, तिथे लहान आकाराचे आलेत म्हणतात.”

त्या दिवशीही आते एकटीच आत गेली. बाबा बाहेर आंब्याखाली उभे राहिले. व्हॅसलीनला धूळ चिकटत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सावंतवाडीला गेलो. आतेलाही घेतलं, कारण तिच्या तोंडाला लावून बघितल्याशिवाय मास्क घेण्यात अर्थ नव्हता. ऑक्टोबरचं ऊन होतं, पण ते जमिनीपर्यंत पोचत नव्हतं, वरच्या वर कुठेतरी तरंगत होतं. भात पिवळं व्हायला आलेलं. बाजारात दुकानांची दारं अर्धी उघडी, लाकडी खेळण्यांच्या दुकानांची पूर्ण बंद. एका बंद काचेआड लाकडाची केळी, लाकडाचे पेरू, लाकडाचे आंबे टोपलीत रचून ठेवलेले होते आणि त्यांच्यावर धूळ बसली होती. आते म्हणाली, “सगळो बाजार झोपलो, फळां तेवढी जागी आसत.”

गावातल्या तळ्याच्या कडेला झाडाखाली व्हॅन उभी केली. जवळच एक मेडिकल होतं. ते चालवणारी बाई चाळिशीतली असावी. तिच्याही तोंडाला तो वाटीसारखा मास्क होता, त्यामुळे मी तिचा चेहरा आजही सांगू शकणार नाही. आतेला उतरता येणार नाही म्हटल्यावर तीच ताटात निरनिराळे मास्क आणि एक हातआरसा घेऊन व्हॅनपाशी आली. ताट दारातल्या पायरीवर ठेवून ती चार पावलं मागे सरकली.

“आजी, आधी तो पांढरो घेवा. कानात अडकवचो नको, डोक्यामागून जाणारो बरो. कानवालो सैल पडता.”

पहिला आतेच्या डोळ्यांच्या खालच्या कडेला टेकला. तिने पापण्या मिटल्या की तो हलायचा. दुसरा हनुवटीखाली लोंबत राहिला. आतेचे दात पडून गाल आत गेले होते, आणि प्रत्येक मास्कची कड गालावरून पुलासारखी वरून जायची. बाई लांबून सांगत होती आणि मी आतेच्या मागे बसून पट्टे सरळ करत होतो. एकदा तिची नाकातली चमकी कडेत अडकली. तिने ती काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. इतक्या वर्षांत मी तिला चमकीशिवाय पाहिलं नव्हतं.

शेवटी बाईने दुकानातून घडीचा एक चपटा, लहान आकाराचा मास्क आणला. तो उघडला की बोटीच्या टोकदार नाळेसारखा पुढे येत होता. तो मात्र बसला. मी आतेला नाकावरची पट्टी दाबायला सांगितली, तळवे भोवती धरायला सांगितले. तिने श्वास सोडला. डोळ्यांकडे हवा आली नाही. तिने श्वास आत घेतला, आणि मास्क किंचित आत ओढला गेला.

“ह्यो तुमचो,” बाई म्हणाली.

आतेने आरसा घेतला आणि बराच वेळ स्वतःकडे पाहिलं. आरशात तिचे डोळे होते, खाली पांढरं कापड, आणि मागे तळ्याचं पाणी. “कोण गो ही?” ती स्वतःलाच म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “घे रे ह्यो. माझ्या तोंडाक धरता.”

बाईने ते कसे वापरायचे तेही सांगितलं. धुवायचे नाहीत. वापरला की कागदाच्या पिशवीत घालून टांगायचा, आणि फिरवून फिरवून, आज हा, उद्या तो, असे घालायचे. पट्टा सैल झाला, मळला, भिजला, की टाकून द्यायचा. मग बाबांची पाळी आली. त्यांनी एकामागून एक लावून बघितले. प्रत्येक वेळी चष्मा धुरकट झाला. सगळे बघून झाल्यावर बाईने ताट उचललं.

“काकांका खंयचोच बसाचो नाय,” ती म्हणाली. “मास्काचो दोष नाय ओ.”

बाबा तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. मी त्यांच्यापासून थोडा लांब बसलो. पाण्यात समोरच्या डोंगराची सावली पडलेली होती, आणि कुणी नसताना मधूनच एक वर्तुळ उठून पसरत जायचं. ते दाढीतून बोटं फिरवत होते.

“दाढी काढलंय तर मी कसो दिसतलंय रे?” त्यांनी विचारलं.

“माका काय म्हायत,” मी म्हटलं. “मी कधी बघूकच नाय.”

ते म्हणाले, “मी पण नाय. तरणो होतंय तेवा बघितललंय, तां आता आठवना नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन माडांच्या शेंड्यांवरून खाली येत असताना, बाबांनी विहिरीकडे स्टूल नेलं. आईने आधी कात्रीने दाढी कापली. पांढरे झुबके खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर पडत होते, आणि वाऱ्याने त्यातले काही उडून अळवाच्या पानांवर जाऊन बसत होते. मग बाबांनी स्वतः साबण लावला, वस्तरा घेतला. आई आरसा धरून उभी होती. वस्तरा गालावरून खाली यायचा आणि त्याच्या वाटेत एक नवाच माणूस उघडा पडत जायचा.

तोंड धुऊन बाबांनी वर पाहिलं. कपाळ आणि गालांची वरची हाडं समुद्रावर रापलेली, काळी. खालचा चेहरा फिकट, मऊ, लहान मुलाच्या पोटासारखा. हनुवटीच्या मधोमध एक खोल खळी. मला त्यांच्याकडे बघताना लाज वाटली, एखाद्या परक्या माणसाच्या घरात न विचारता शिरल्यासारखी.

आई आरसा छातीशी धरून बघत राहिली. मग म्हणाली, “माझा लगीन ज्याच्याशी लागला, तो ह्यो नाय हां.”

तेवढ्यात मागच्या दारात आते आली. भिंतीचा आधार घेत, सावकाश, पायरीपर्यंत. तिथे थांबली. तिचा हात भिंतीवरून सरकला आणि चौकटीला धरून राहिला.

“आबा,” ती म्हणाली. “कधी इल्यात?”

बाबा स्टुलावरून अर्धे उठले. मला वाटलं, आजारात तिचं डोकं भ्रमलं; तसं होतं कधी कधी, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तिला धरायला पुढे झालो. तिने मला हातानेच थांबवलं.

“माका म्हायत आसा, तू बाळा आसस,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी स्वच्छ होता. “तरीपण वायच थांब. हलू नको.”

बाबा तसेच थांबले, खांद्यावर टॉवेल, गळ्यावर साबणाचा ओघळ. आते बघत राहिली. विहिरीवरच्या रहाटाची सावली जमिनीवर होती, माडांतून वारा जात होता. आजोबांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्या काळी आमच्या घरात फोटो काढायला कोण जाणार? बाबांनी आपला बाप पाहिलेला नव्हता, आणि घरात उरलेल्या ज्या एकाच माणसाने तो पाहिला होता, तिला तो आता स्टुलावर बसलेला दिसत होता.

“हनुवट तीच,” आते म्हणाली. “ह्या खळयेत मी बोट घालीत होतंय. ते माका उचलून घेयत आणि माझ्या गालाक गाल घासत. साबणाचो वास येयत.”

बाबांनी विचारलं, “आणि हसत कसे?” ते तिला असं काही पूर्वी विचारताना मी ऐकलं नव्हतं. बहुधा त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. न पाहिलेल्या माणसाबद्दल काय विचारायचं, हेच त्यांना माहीत नसावं.

“आधी एक बाजू वर जाय, मगे दुसरी. हस बघू.”

पण बाबांना हसू येईना. ओठ हलायचे आणि परत मिटायचे. शेवटी आई म्हणाली, “व्हॅसलीन लावतंस काय परत?” आणि ते हसले. आतेने चौकट सोडली, पायरी उतरली, त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या हनुवटीवर बोट ठेवलं. “असोच,” ती म्हणाली. “अगदी असोच.”

डायलिसिसच्या दिवशी बाबांनी सकाळी पुन्हा वस्तरा फिरवला, कारण खुंट वाढले तरी कड टेकत नाही असं सिस्टरने सांगितलं होतं. दाराशी तिने त्यांना ओळखलंच नाही. “आजींसोबतचे ते दाढीवाले काका नाही आले?” बाबांनी मास्क घातला, तळवे भोवती धरले, श्वास सोडला. चष्मा स्वच्छ राहिला. सिस्टर बाजूला झाली आणि म्हणाली, “या.”

मी बाहेर आंब्याखाली बसलो. दार बंद होताना आतेचा हात बाबांच्या हातात गेलेला दिसला. आत काय झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही. परत येताना तिच्या कोपरावर नवा वळ नव्हता.

त्याच दिवशी धामापूर जवळ आल्यावर आते म्हणाली, “वायच थांबव रे. हेचा तोंड परत झाकून गेला. माका बघूचा आसा.” व्हॅन थांबवली. तळ्याकाठचं देऊळ बंद होतं, पायऱ्यांवर कुणी नव्हतं. डोंगरांच्या मध्ये तळं गच्च भरलेलं, पाण्यावर धुक्याचा एक पातळ थर, आणि त्यातून पलीकडची झाडं अर्धीच दिसणारी. आते पायरीवर बसली. बाबा तिच्यापासून अंतरावर, वारा जिकडे जात होता तिकडे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मास्क काढला. नाकावर आणि गालांवर कडेची लाल रेघ उठली होती. आतेने हवं तेवढं बघून घेतलं, आणि मग सांगायला लागली.

त्यानंतर कुडाळहून येताना आम्ही नेहमी तिथे थांबायचो. मी वरच्या पायरीवर बसायचो आणि ती खाली बोलायची, कधी नुसतं एखादं वाक्य. आबांना पेज गरम लागायची. आबा चालताना उजवा खांदा खाली करून चालत. आबांना पोहताना कानात पाणी गेलेलं खपत नसे, मग ते एका पायावर उड्या मारत. जे सांगायला तिच्याकडे इतकी वर्षं कुणी नव्हतं, ते एकेक करून त्या पाण्यावर येत गेलं. बाबा ऐकताना स्वतःचा गाल चाचपत राहायचे. एकदा मी बघितलं, ते व्हॅनकडे परत चालताना उजवा खांदा खाली करून चालत होते. मुद्दाम की आपोआप, कोण जाणे.

पुढच्या उन्हाळ्यात आजाराची मोठी लाट आली. आमच्या वाडीतली माणसं गेली. त्यांच्याबद्दल इथे लिहिण्याची माझी तयारी नाही. डायलिसिसच्या खोलीतल्या आणखी खाटा रिकाम्या झाल्या. आमच्या पडवीत तारेवर कागदाच्या पिशव्या टांगलेल्या असायच्या, एका बाजूला बाबांच्या, एका बाजूला आतेच्या, आणि वाऱ्यावर त्या करकरायच्या. निघण्याआधी दोघं समोरासमोर बसून तळवे तोंडाभोवती धरायचे आणि एकमेकांना बघत श्वास सोडायचे. आतेला आजार झाला नाही. तो मास्कमुळे झाला नाही की दैवाने, हे मी ठरवू शकत नाही. सिस्टर म्हणायची, दोघांनी कधी हयगय केली नाही, एवढं मात्र खरं. लस आली, ती घेतली. हळूहळू रस्त्यावर समोरून गाड्या यायला लागल्या, आणि धामापूरला तळ्याकाठी आता आमच्याशिवाय इतरही लोक असायचे.

अशाच एका दिवशी, बाबांनी मास्क काढल्यावर, आतेने त्यांच्याकडे पाहिलं आणि आबांबद्दल काही सांगितलं नाही. मग ती म्हणाली, “आता पुरे झाला.”

“काय पुरे झाला?” बाबांनी विचारलं.

“आबा बघून झाले. भरपूर बघितलंय. आता दाढी वाढय. माझो दाढीवालो भाव खंय गेलो, तो माका होयो.”

बाबा हसले, आधी एक बाजू, मग दुसरी. “आणि सिस्टर? दाढी वाढली तर माका आत सोडूची नाय.”

“नको सोडूंदे. मी जातंय एकटी. डोळे मिटून घेतंय, काय ता करूंदेत.”

बाबांनी मान हलवली. पण मला दिसलं, ते खूश झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वस्तरा काढला नाही.

नंतरच्या फेरीला आते व्हॅनमधून उतरली, मी हात पुढे केला तो तिने घेतला नाही. आपला लहान मास्क पिशवीतून काढला, चमकी काढून पदराच्या गाठीत बांधली, पट्टे डोक्यामागे सरळ केले, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबली. बाबा आंब्याखाली उभे होते, गालावर तीन दिवसांचे पांढरे खुंट. तिने त्यांच्याकडे बघून तळवे तोंडाभोवती धरले, श्वास सोडला, आणि ‘मास्क बसलो’ अशी मान हलवली. मग ती आत गेली आणि तिने स्वतःच दार लोटून घेतलं.